सीएनसी राउटर बांधायचा तर आधी कागदावर



सुताराकडे हातात धरून चालवायचे राउटर मशीन तुम्ही पाहिले असेल. मोटरच्या टोकाला बसवलेला बिट वेगाने फिरतो आणि लाकडात खाच पाडत जातो. दाराच्या फळीवरची नक्षी, चौकटीच्या कडेची गोलाई याच मशीनने काढतात. हे मशीन एका सांगाड्यावर बसवले आणि ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे व वर-खाली सरकवण्याचे काम संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मोटरींना दिले, की झाला सीएनसी राउटर. अंकांच्या आज्ञेने चालणारे पहिले मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवण्यात आले. त्याला आज्ञा मिळत त्या कागदी पट्टीवर पाडलेल्या भोकांतून. आज तेच काम तळहातावर मावणारे सर्किट करते.

असली यंत्रे शहरातल्या कारखान्यांसाठीच, असे पालकांना वाटणे साहजिक आहे. पण पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, ही तिथली पद्धत. एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली तेथे फॅब लॅब उभी राहिली, म्हणजे संगणकावर काढलेले चित्र यंत्राने कापून प्रत्यक्ष वस्तू करण्याची कार्यशाळा. तेव्हा आपल्या लाटंबार्से गावातल्या मुलांनी असे यंत्र बांधण्याचा विचार करणे काही जगावेगळे नाही. प्रश्न एवढाच, की पैसे खर्च होण्यापूर्वी कागदावर काय काय ठरवायला हवे?

बहुतेक मुले मोटर किती ताकदीची, इथून सुरुवात करतात. ते उलटे आहे. आधी ठरवा, कापायचे काय. समजा आपल्याला वर्गांच्या नावाच्या पाट्या, चतुर्थीच्या मखराची छोटी नक्षी आणि गणपतीचा पाट कोरायचा आहे. मग ४०० मि.मी. लांब आणि ३०० मि.मी. रुंद एवढी जागा पुरे. “पुढे लागेल म्हणून” ती दुप्पट करण्याचा मोह होईल. तो आवरायचा का, हे गणितानेच पाहू.

बिट ज्या पुलावरून डावी-उजवीकडे सरकतो त्याला गॅन्ट्री म्हणतात. सरकण्याची जागा ३०० मि.मी. असली, तरी गाडीची स्वतःची रुंदी धरून दोन आधारांमधले अंतर ४५० मि.मी.च्या आसपास जाते. तिथे १६ मि.मी. जाडीचा पोलादी गज टाकला आणि कापताना त्याच्या मध्यावर ५ किलो वजनाएवढा जोर आला, तर गज सुमारे ०.१५ मि.मी. वाकतो. अंतर दुप्पट, म्हणजे ९०० मि.मी. केले, तर तो दुप्पट नव्हे, आठपट वाकतो : सुमारे १.२ मि.मी.! कारण वाक लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. उलट ४५० मि.मी.वरच जाडी १६ ऐवजी २० मि.मी. घेतली, तर वाक ०.०६ मि.मी.वर येतो, कारण जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. असे दोन गज टाकले की जोर वाटला जाऊन तोही निम्मा. दहावीच्या मुलांनी हे हिशेब स्वतः करून पाहावेत. घातांक कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्यांना इथे उत्तर मिळेल.

देवनागरी कोरणाऱ्याला हा वाक जास्तच जाचतो. शिरोरेषा ही लांबलचक सरळ रेघ, ती जराशी लहरली तरी डोळ्यांना लगेच खटकते. शिवाय ३ मि.मी. जाडीच्या गोल बिटाने आतला कोपरा १.५ मि.मी. त्रिज्येपेक्षा टोकदार निघूच शकत नाही. त्यामुळे “क्ष” किंवा “ज्ञ” लहान आकारात भरून गेल्यासारखे दिसतात. त्यासाठी टोकदार व्ही बिट घ्यावा लागतो. पण ६० अंशांचा व्ही बिट २ मि.मी. खोल गेला तर रेघ २.३ मि.मी. रुंद येते, आणि फळी एका बाजूला अर्धा मि.मी. जरी उंच असली तरी तिथली रेघ ०.६ मि.मी.ने जाड होते. म्हणून कापायच्या फळीखाली एमडीएफची पाटी लावतात आणि ती यंत्रानेच वरून तासून सपाट करून घेतात. आपल्याकडच्या पावसात एमडीएफ फुगतो. तेव्हा ही पाटी बदलता येईल अशीच बसवा आणि पावसाळा सरला की पुन्हा तासा. गजांना आणि स्क्रूंना जूनच्या आधी तेलाचा हात हवा, नाहीतर गंज धरतो.

आता मोटरी. स्टेपर मोटर साधारणपणे २०० पावलांत एक फेरा घेते. ड्रायव्हरवर प्रत्येक पावलाचे ८ भाग केले तर एका फेऱ्याला १६०० ठोके लागतात. एका फेऱ्यात ५ मि.मी. पुढे नेणारा स्क्रू जोडला, की १६०० भागिले ५, म्हणजे दर मि.मी.ला ३२० ठोके. हा आकडा नियंत्रकात भरायचा असतो. मग १०० मि.मी.ची रेघ कापून पट्टीने मोजावी. ९९ किंवा १०१ आली तर आधी मोजणी तपासा, आकडा नंतर बदला.

वेगही असाच काढतात. बिट मिनिटाला १२,००० फेरे घेतो, त्याला दोन धारा आहेत, आणि प्रत्येक धारेने ०.०५ मि.मी.चा छिलका काढावा अशी अपेक्षा आहे. तिघांचा गुणाकार १,२०० मि.मी. दर मिनिटाला. भीतीपोटी यंत्र याच्या सहाव्या भागाने चालवले तर धार लाकूड कापत नाही, नुसती घासते. मग लाकूड काळे पडते आणि बिट तापून बोथट होतो. हळू चालवणे म्हणजे सुरक्षित, हा समज इथे खोटा ठरतो. जोर कमी करायचा असेल तर एका वेळी कापण्याची खोली कमी करा.

पालक व विश्वस्त मंडळींसाठी दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. पहिली सुरक्षेची. तातडीने थांबवण्याचे लाल बटण सरकणाऱ्या मोटरींबरोबर बिटाची मोटरही बंद करणारे हवे. वीज गेली आणि परत आली, तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. पावसाळ्यात हा प्रसंग नेहमीचा. सांगाड्याला अर्थिंग, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि लाकडाचा बारीक भुसा ओढून घेणारा पंप या गोष्टी “पैसे उरले तर” या यादीत जाऊ नयेत. भुसा श्वासातून सतत जाणे कर्करोगाला कारण ठरते, हे सिद्ध झालेले आहे. यंत्र चालू असताना शिक्षकाने खोली सोडायची नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. फक्त पाट्याच हव्या असतील तर बाहेरून कोरून घेणे स्वस्त पडेल, हे मान्य करायला हवे. यंत्र बांधायचे ते मुलांनी मोजावे, जोडावे, बिघडले तर उघडावे यासाठी. म्हणून खर्च एकदम मंजूर करू नये. आधी मुलांनी पूर्ण मापांचा आराखडा आणि वर दिलेले चारही हिशेब सादर करावेत. मग पुठ्ठ्याचा खऱ्या मापाचा नमुना करावा. गाडी कुठे अडते, वायर कुठे ताणली जाते, हात कुठून घालायचा, हे पुठ्ठ्यावर फुकटात कळते. त्यानंतर सांगाडा आणि गज. ते काटकोनात बसले, दोन्ही कर्णांची मापे जुळली आणि गाडी बोटाने ढकलून सहज सरकली, तरच मोटरी मागवायच्या. बिट फिरवणारी मोटर सर्वांत शेवटी. त्याआधी तिच्या जागी पेन बांधून यंत्राला कागदावर शाळेचे नाव लिहू द्यावे.