तुकडे नको, नवा छेद मोजा

एका भाकरीचे सरळ सुरीने जास्तीत जास्त किती तुकडे करता येतील? तुकडे एकावर एक रचायचे नाहीत, हलवायचेही नाहीत. दोन छेदांत चार, हे कुणीही सांगेल. तीन छेदांत बहुतेकांचं उत्तर सहा येतं, कारण सुरी मधोमध घालायची आपली सवय. जरा हिशेबी माणूस आठ म्हणतो, कारण दोनाचे चार झाले तर चाराचे आठ व्हायला हवेत. खरं उत्तर सात आहे.

याकोब स्टाइनर या स्विस गणितज्ञाने १८२६ साली क्रेले यांच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात या प्रश्नाचे नियम छापले: रेषांनी प्रतलाचे किती भाग पडतात आणि प्रतलांनी अवकाशाचे किती. त्यांची सूत्रं पाठ करायला सोपी आहेत, पण आकार बदलला की पाठ केलेलं सूत्र साथ सोडतं. खालची कृती सूत्राशिवाय चालते. तिचा आधार एवढाच: नव्या छेदाचे स्वतःचे जितके भाग पडतात, तितके तुकडे वाढतात.

साहित्य

- १४ सेंटीमीटर बाजूचा कागदी चौरस, पट्टी, बारीक टोकाची पेन्सिल, लाल पेन
- एक बांगडी
- एक मोठा कच्चा बटाटा, लांब आणि सपाट पात्याची सुरी, दोन रबर बँड

बटाट्यासाठी विळी घेऊ नका. तिचं पातं वाकडं असतं, छेद सपाट येत नाही आणि पुढची मोजणी चुकते. मुलं सोबत असतील तर सुरी मोठ्यांनीच चालवावी.

कृती

१. नियम तीन रेषांवर पाहून घ्या. कोऱ्या कागदावर एक वर्तुळ काढा. पहिली रेषा आखा: दोन तुकडे. दुसरी रेषा पहिलीला आतच छेदेल अशी आखा: चार तुकडे. आता तिसरी रेषा त्या दोघींना छेदू दे, पण त्यांच्या छेदनबिंदूतून जाऊ देऊ नका. तिच्यावर दोन ठिकाणी लाल ठिपके द्या. दोन ठिपक्यांनी या रेषेचे तीन भाग झाले. प्रत्येक भाग एकेका जुन्या तुकड्यात शिरतो आणि त्याचे दोन करतो, म्हणून तीन तुकडे वाढले. चार अधिक तीन, सात. चौथा जुना तुकडा रेषेच्या वाटेतच आला नाही, म्हणून आठ होत नाहीत.

यातूनच जास्तीत जास्त तुकड्यांची अट निघते. नव्या रेषेने आधीची प्रत्येक रेषा छेदली पाहिजे, दर वेळी वेगळ्या बिंदूत, आणि तो बिंदू आकाराच्या आत पडला पाहिजे.

२. सहा रेषांची हमखास आकृती काढा. अंदाजाने सहा रेषा आखल्या तर दोन-तीन छेदनबिंदू हटकून कागदाबाहेर जातात. म्हणून असं करा. चौरसाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून खालच्या कडेवर दर २ सेंटीमीटरवर खूण करा आणि खुणांना १ ते ६ आकडे द्या. त्याच कोपऱ्यापासून डाव्या कडेवर वरच्या दिशेने तशाच १ ते ६ खुणा करा. आता ज्या दोन खुणांची बेरीज सात येते त्या पट्टीने जोडा: खालची १ डावीकडच्या ६ ला, खालची २ डावीकडच्या ५ ला, असं खालची ६ डावीकडच्या १ ला जोडेपर्यंत.

सगळ्या रेषा सरळ असूनही त्यांच्या कडेने एक वक्र उमटलेला दिसेल. पुठ्ठ्यावर दोरा ओवून करतात ती नक्षी हीच. तो वक्र अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा असतो आणि आपल्या सहाही रेषा त्याच्या स्पर्शिका आहेत. अन्वस्ताला एका बिंदूतून दोनपेक्षा जास्त स्पर्शिका काढता येत नाहीत, म्हणून इथे तीन रेषा एका बिंदूत मिळूच शकत नाहीत. कुठल्याही दोन समांतर नाहीत आणि सगळे छेदनबिंदू चौरसाच्या आतच राहतात. सहाऐवजी दहा रेषा हव्या असतील तर कडेचे अकरा समान भाग करा आणि अकरा बेरजेच्या खुणा जोडा.

३. प्रत्येक रेषा आखताच तिचेच भाग मोजा. पहिली रेषा: १ भाग. दुसरीवर एक ठिपका: २ भाग. तिसरीवर दोन ठिपके: ३ भाग. पुढे ४, ५ आणि ६. कोरा चौरस हा सुरुवातीचा एक तुकडा. सगळ्यांची बेरीज १ + १ + २ + ३ + ४ + ५ + ६ = २२.

४. दुसऱ्या वाटेने पडताळा घ्या. चौरसाच्या कडेला टेकणारे तुकडे आणि आतले तुकडे वेगवेगळे मोजा. प्रत्येक रेषा कडेला दोनदा भेटते, म्हणून कडेवर बारा खुणा आहेत आणि कडेचे बारा तुकडे पडतात. कुठेही कडेला न लागणारे तुकडे दहा सापडले पाहिजेत. नऊच मिळाले तर कुठली तरी रेषा खुणेवरून सरकली आहे. वक्राजवळचे तुकडे बारीक असतात, तिथे भिंग वापरा.

५. बिघडलेल्या आकृतीतही हिशेब चालवा. रेषा कशाही पडलेल्या असोत, हा नियम लागू पडतो: तुकडे = १ + रेषांची संख्या + आतले छेदनबिंदू. फक्त एका बिंदूत तीन रेषा मिळत असतील तर तो बिंदू दोनदा धरा, चार मिळत असतील तर तीनदा. म्हणजे रेषांच्या संख्येपेक्षा एक कमी.

उदाहरणार्थ, सहा रेषांपैकी दोन समांतर आहेत आणि उरलेल्यांपैकी तीन एका बिंदूत मिळतात. समांतर जोडीचा एक बिंदू गेला, तिहेरी बिंदूपायी आणखी एक गेला. बावीसचे वीस झाले. केक कापताना सगळे छेद मध्यातून जातात, म्हणून सहा छेदांत बाराच तुकडे होतात: १ + ६ + ५.

६. आता बटाटा. बटाट्याला तीन छेद द्या: एक उभा, दुसरा त्याला काटकोनात उभा, तिसरा आडवा. तिन्ही मध्यातून जाऊ द्या. फोडी सुट्या करू नका. ओल्या कापांमुळे त्या एकमेकींना चिकटून राहतात, वरून रबर बँड चढवा. आठ फोडी झाल्या.

चौथा छेद तिरका हवा. बटाट्याचा कुठलाही एक अष्टमांश समोर धरा. त्याच्या दिशेने, बटाट्याच्या मध्यापासून साधारण १ सेंटीमीटर अंतर ठेवून, तिन्ही जुन्या छेदांना सारखाच तिरपा जाईल असा छेद द्या. सुरी मध्यातून गेली तर कृती फसते. आता दोन्ही अर्ध अलगद उघडा आणि नव्या कापाच्या पृष्ठभागाकडे पाहा. जुन्या तीन छेदांनी त्यावर तीन रेषा उमटवल्या आहेत आणि मधोमध एक छोटा त्रिकोण दिसतो. म्हणजे पायरी १ चं चित्र इथे जसंच्या तसं आलं. तीन रेषांनी या पृष्ठभागाचे सात भाग केले, म्हणून सात फोडी वाढल्या. आठ अधिक सात, पंधरा.

सगळ्या फोडी ताटात मांडा. चौदांना साल असेल. एकीलाच नसेल: चार त्रिकोणी बाजूंचा तो छोटा चतुष्फलक, जो बटाट्याच्या पोटातून निघाला. मधला त्रिकोण ही त्याची एक बाजू. शिवाय चौथ्या छेदातून वाचलेली एक अख्खी जुनी फोड सापडेल. ती समोर धरलेल्या अष्टमांशाच्या बरोबर विरुद्ध बाजूची असते. या दोन्ही फोडी सापडल्या तर छेद बरोबर बसले.

७. पाचवा छेद कागदावर द्या. पाचव्या छेदाला बटाटा टिकत नाही, आणि गरजही नाही. पाचव्या प्रतलावर आधीच्या चार प्रतलांच्या चार रेषा उमटतील. चार रेषांनी अकरा भाग होतात, म्हणून १५ + ११ = २६. जॉर्ज पोया हे हंगेरियन-अमेरिकन गणितज्ञ अंदाज बांधायला शिकवताना विद्यार्थ्यांपुढे नेमका हाच पाच प्रतलांचा प्रश्न ठेवत. उत्तर थेट डोळ्यांपुढे येत नाही, पण एक पायरी खाली उतरून कागदावर आलं की हाती लागतं.

आता तक्ता भरा. पहिल्या ओळीत सगळीकडे १ लिहा. पुढचा प्रत्येक आकडा म्हणजे त्याच्या डोक्यावरचा आकडा अधिक त्याच्याही डावीकडचा. दोरीच्या रकान्यात मात्र दर छेदाला एकच वाढतो.

| छेद | दोरी | कागद | घन |
|---|---|---|---|
| ० | १ | १ | १ |
| १ | २ | २ | २ |
| २ | ३ | ४ | ४ |
| ३ | ४ | ७ | ८ |
| ४ | ५ | ११ | १५ |
| ५ | ६ | १६ | २६ |
| ६ | ७ | २२ | ४२ |
| ७ | ८ | २९ | ६४ |

सूत्रच हवं असेल तर छेदांची संख्या न माना. कागदासाठी १ + न + न(न − १)/२, आणि घनासाठी त्यात न(न − १)(न − २)/६ मिळवा. हे आकडे मेरुप्रस्तारात बसलेले आहेत. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिताना हलायुधाने समजावून सांगितलेला हा त्रिकोण आपण पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकतो. त्याची सहा छेदांची ओळ १, ६, १५, २०, १५, ६, १ अशी आहे. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ७, तिनांची २२, चारांची ४२. दोरी, कागद आणि घन एकाच ओळीत मिळाले.

८. आकार बदलून पाहा.

*त्रिकोण, षट्कोन, वर्तुळ:* उत्तरं तीच. सगळी आकृती लहान करून आत बसवता येते.

*चंद्रकोर:* इथे एकच सरळ रेषा दोन्ही टोकांतून जाते, म्हणजे आकाराच्या आत तिचे दोन वेगळे भाग पडतात. एका छेदात तीन तुकडे, दोनांत सहा, तीनांत दहा. नियम तोच, फक्त प्रत्येक रेषेचा एक भाग जास्त धरायचा.

*बांगडीची वर्तुळं:* बांगडी ठेवून चार वर्तुळं अशी काढा, की प्रत्येक दुसऱ्या प्रत्येकाला दोन बिंदूंत छेदेल. पहिल्या वर्तुळाने कागदाचे दोन भाग होतात. पुढच्यांवर २, ४, ६ कंस पडतात. २ + २ + ४ + ६ = १४. चार संचांच्या व्हेन आकृतीला सोळा भाग लागतात, म्हणून ती वर्तुळांनी काढता येत नाही. जॉन व्हेन यांनी १८८० साली त्यासाठी लंबवर्तुळं वापरली. बटाट्याच्या सालीचे चौदा भाग झाले तेही याच कारणाने: प्रत्येक प्रतल सालीवर एक वर्तुळासारखी बंद रेषा उमटवतं.

*मेदुवडा:* इथे सावध राहा. भोक असल्यामुळे छेदाचा एक भाग कधीकधी फक्त कडं उघडतो, तुकडा वेगळा करत नाही, आणि आपला नियम तसाच लावला तर चुकतो. मेदुवड्याच्या आकाराचे एका सपाट छेदात २, दोनांत ६ आणि तीनांत १३ पर्यंत तुकडे होतात.

अडलं तर

*आकडे दुप्पट होत जाताहेत, मग पुढेही दुप्पटच लिहू का?* लिहू नका. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडा. दोन बिंदूंना २ भाग, तीनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना बत्तीस येतील असं वाटतं, येतात एकतीस. पायरी ५ चा नियम लावा: १ + १५ जीवा + १५ छेदनबिंदू = ३१.

*माझे तीसच आले.* सहा बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतले असतील. मग तीन व्यास मध्यात मिळतात आणि एक भाग नाहीसा होतो. एक बिंदू जरा सरकवा.

*छेद पुष्कळ आहेत, आकृती काढणं शक्य नाही.* शेवटचा छेद तेवढा डोळ्यांपुढे आणा. आधीच्या किती छेदांना तो भेटतो, किती वेगळ्या जागी, आणि त्या जागा आकाराच्या आत आहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. त्यावरून त्याचे भाग काढा, ते आधीच्या बेरजेत मिळवा आणि मग त्याच्या आधीच्या छेदाकडे वळा.