दोन लेखण्या

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा नगरात, सरोवराच्या सान्निध्यात, एक विशाल वास्तू उभी आहे. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'राष्ट्रांचा प्रासाद' असा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या या कार्यालयात नाना देशांचे स्त्रीपुरुष काम करतात.

संघाच्या अधिकृत भाषा सहा: अरबी, इंग्रजी, चिनी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. एकाच ठरावाचा अर्थ या सर्व भाषांत एकच राहावा लागतो. शब्द किंचित ढळला, तर दोन राष्ट्रांत वाद उद्भवावयाचा! म्हणून कचेरीतील लेखणी जपून चालते. तेथील कागदावर लिहिणाराचे नाव बहुधा नसते. त्याच्या सुखदुःखाला तर तेथे थाराच नाही.

पण लिहिणारा अखेर माणूसच ना! त्याच्या मनातील गोष्टींनी कोठे जावे?

न्यूयॉर्क येथे संघाचे मुख्य कार्यालय आहे. डाग हमरशोल्ड हे १९५३ ते १९६१ या काळात संघाचे सरचिटणीस होते. जगाचे कलह मिटविण्यात त्यांचा दिवस सरे. परंतु आपले अंतरंग ते मातृभाषेत, स्वीडिशमध्ये, टिपून ठेवीत. १९६१ साली विमान कोसळून त्यांचा अंत झाला. मागाहून घरी त्यांचे हस्तलिखित मिळाले. त्यात त्यांच्या अधिकारपदाचा उल्लेखही नव्हता! १९६३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

असे लेखन घरातच का पडून राहावे? १९८९ साली जिनिव्हातील काही कर्मचाऱ्यांनी लेखकसंघ स्थापन केला. त्याच्या वाङ्मयीन नियतकालिकाचे नाव 'एक्स टेम्पोरे'. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'पूर्वतयारीवाचून, उत्स्फूर्तपणे'. कचेरीतील मसुदा पुनःपुन्हा तपासला जातो; कविता मनातून उमलते. नाव किती समर्पक! त्यात कथा, कविता, निबंध येतात. इंग्रजीशेजारी फ्रेंच, फ्रेंचशेजारी स्पॅनिश अशा भाषा एकाच अंकात गुण्यागोविंदाने नांदतात. येथे लेखनाखाली लेखकाचे नाव असते.

पहिली लेखणी राष्ट्राराष्ट्रांत करार घडविते. दुसरी माणसाची माणसाशी ओळख करून देते. ओळखच नसेल, तर करार कितीसा टिकणार?

स्वाध्याय

१. कचेरीतील लेखणी जपून का चालते?
२. हमरशोल्ड यांनी आपली टिपणे मातृभाषेत का लिहिली असावीत?
३. 'एक्स टेम्पोरे' हे नाव समर्पक कसे, ते सांगा.