फाइल आहे, मजकूर नाही

सी प्लस प्लस शिकणारी मुले अडलेला प्रोग्रॅम घेऊन आली की त्यांच्याकडून एक तक्रार मी हमखास ऐकतो. कम्पायलर एरर देत नाही, प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालतो, डिस्कवर फाइलही दिसते. पण तिचा आकार शून्य बाइट.

अशा वेळी सर्वांत आधी क्लासचा कन्स्ट्रक्टर तपासावा. क्लासमध्ये ‘लॉग’ नावाचा ओएफस्ट्रीम मेंबर असतो. कन्स्ट्रक्टरमध्ये फाइल उघडताना नावाआधी ‘ओएफस्ट्रीम’ पुन्हा लिहिले जाते आणि त्याच नावाचे एक नवे लोकल व्हेरिएबल तयार होते. फाइल उघडते ते हेच, आणि कन्स्ट्रक्टर संपताच फाइल बंद करून नाहीसे होणारेही हेच. खरा मेंबर उघडलेलाच नसतो, त्यामुळे पुढचे सगळे लेखन वाया जाते. जीसीसीचा नेहमीचा ‘वॉल’ पर्याय याबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘डब्ल्यू-शॅडो’ वेगळा चालू करावा लागतो. दुरुस्ती एका शब्दाची: तो जास्तीचा ‘ओएफस्ट्रीम’ खोडून मेंबरवर ओपन फंक्शन वापरायचे.

मुळात स्ट्रीम आरडाओरडा करत नाही. सांगितल्याशिवाय तो एक्सेप्शन फेकत नाही, आतल्या आत फक्त अपयशाची खूण करून ठेवतो. म्हणून ओपननंतर ‘इज-ओपन’ने आणि प्रत्येक वाचन-लेखनानंतर ‘इफ’ लावून त्याला विचारावेच. फाइल उघडलीच नसेल, तर बहुतेकदा पत्ता चुकलेला असतो: सापेक्ष पत्ता प्रोग्रॅम जिथे ठेवला आहे तिथून नव्हे, चालू वर्किंग डिरेक्टरीपासून मोजला जातो. नसलेले फोल्डरही ओएफस्ट्रीम तयार करून देत नाही.

दुसरी मोठी अडचण कॉपीची. स्ट्रीमची कॉपी होत नाही, त्यामुळे स्ट्रीम पोटात घेतलेल्या क्लासचीही होत नाही. असे ऑब्जेक्ट फंक्शनला थेट दिले की ‘डिलीटेड फंक्शन’ वापरल्याचा लांबलचक एरर येतो. तिथे अँपरसँड लावून रेफरन्स द्यावा. मालकीच दुसरीकडे सोपवायची असेल, तर सी प्लस प्लस ११ पासून मूव्ह करता येते.

वाचताना शेवटची ओळ दोनदा आली, तर लूपच्या अटीत ‘ईओएफ’ असणार, हे बहुधा ठरलेले. फाइलच्या शेवटापुढे वाचायला गेल्यावरच ‘ईओएफ’ची खूण लागते. म्हणून ‘गेटलाइन’च अटीत लिहावे. तोच स्ट्रीम मेंबर पुढच्या फाइलसाठी वापरताना ही जुनी खूण पुसायला जुन्या कम्पायलरवर ओपनआधी ‘क्लिअर’ करावे. २०११च्या मानकानुसार यशस्वी ओपन ही सफाई स्वतःच करते.