तिकीट हातात नसेल, तर लॉटरीही नाही

फोनवर सरकारी लॉटरीच्या नावाने फसलेल्या माणसाच्या वाट्याला येणारा पहिला शब्द ‘हाव’. तो मीही ऐकला आहे, आणि मला तो अजिबात मान्य नाही. फसवणाऱ्या जाहिरातीवर राज्याचे नाव होते, बोधचिन्ह होते, आणि महाराष्ट्र सरकार १९६९ पासून स्वतः लॉटरी चालवते हे सगळ्यांना माहीत आहे. लोक त्या नावावर विश्वास टाकतात आणि कोणी तरी त्या विश्वासावर धंदा करतो. राग यायचा तर त्याचा यावा. सरकारी लॉटरीवर भरवसा ठेवता येतो तो दोनच गोष्टींमुळे, एक हातातले तिकीट आणि दुसरी जाहीर सोडत. या दोन्ही काढून टाकल्या की उरते नुसते नाव, आणि नाव कोणालाही लावता येते.

१९९८ चा लॉटरी नियमन कायदा पाहा. तिकीट राज्याने छापायचे, त्यावर राज्याचे चिन्ह हवे, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात जमा व्हायला हवा, सोडत राज्यानेच आणि राज्याच्या हद्दीतच काढायची. एकेरी अंकावर बक्षीस ठेवायला मनाई आहे. एका लॉटरीची सोडत आठवड्यात एकदाच, आणि २०१० च्या नियमांप्रमाणे सगळ्या योजना मिळून दिवसाला २४ पेक्षा जास्त सोडती काढता येत नाहीत. सरकारी लॉटरीच्या नावाने चालणाऱ्या अ‍ॅपवर मात्र दर पाच मिनिटांनी निकाल लागतो, म्हणजे दोन तासांतच २४ सोडती होतात. एका अंकावर पैसे लावायचे आणि पाच मिनिटांत निकाल घ्यायचा, हा मटका आहे. वर कोणत्याही राज्याचे नाव असले तरी तो मटकाच.

यावर लोक म्हणतात, ऑनलाइन लॉटरी तर कायद्यातच आहे. आहे, पण त्या शब्दाचा नियमांतला अर्थ वेगळा आहे. विक्री केंद्रावरच्या यंत्रातून तिकीट निघते आणि ग्राहकाने निवडलेला आकडा त्याच क्षणी मध्यवर्ती सर्व्हरवर नोंदला जातो, ती ऑनलाइन लॉटरी. घरबसल्या मोबाइलवरून कोणाच्या तरी खात्यात पैसे पाठवणे तिच्यात बसत नाही. केरळची लॉटरी तर फक्त कागदी तिकिटांवर चालते, तरी तिच्याही नावाची अ‍ॅप दिसतात. दुसरा युक्तिवाद मला अधिक संतापजनक वाटतो: ‘तिकीट आम्ही घेऊन ठेवतो, तुम्हाला फोटो पाठवतो.’ बक्षीस मिळते ते मूळ तिकीट सादर करणाऱ्याला. केरळच्या ओणम बंपरचे पहिले बक्षीस २५ कोटींचे आहे. एवढ्या रकमेचे तिकीट अनोळखी माणसाच्या खणात आणि आपल्याकडे नुसता फोटो, हा कसला व्यवहार? एकाच तिकिटाचा फोटो पन्नास जणांना पाठवला तरी त्या पन्नासांना एकमेकांचा पत्ता लागणार नाही. परदेशी लॉटरीचे तिकीट घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायला तर परकीय चलनाच्या नियमांनीच बंदी आहे.

‘पण सुरुवातीला बक्षिसाचे पैसे खरेच मिळतात,’ हेही मी ऐकले आहे. शे-दोनशे रुपये मिळतात, आणि ते विश्वास बसावा यासाठीच दिलेले असतात. तोवर समोरचा ‘सर’, ‘दादा’ करत दिवसातून तीनदा विचारपूस करतो. मोठे बक्षीस लागल्याचा निरोप येतो आणि भाषा बदलते: आधी कर भरा, जीएसटी भरा, फाइलचा खर्च द्या, आज संध्याकाळपर्यंतच मुदत आहे. कोणालाही खरे-खोटे ताडता येईल अशी जागा हीच. दहा हजारांवरच्या रोख बक्षिसावर ३० टक्के आयकर लागतो, पण तो देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम विजेत्याला देतो. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, तोही तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. बक्षीस मिळण्याआधी विजेत्याने कोणाच्या खात्यात कर भरायचा, असा प्रकार रोख बक्षिसात नाही. हे सांगितल्यावर फोन उचलणे बंद होते, आणि त्या गप्प बसण्याची चीड पैशांपेक्षा जास्त काळ टिकते.

खेळायचेच असेल त्याने अधिकृत विक्रेत्याकडून कागदी तिकीट घ्यावे, लगेच मागे नाव-पत्ता लिहून सही करावी, निकाल सरकारी राजपत्राशी ताडून पाहावा आणि मुदत सांभाळावी. केरळात ती ३० दिवसांची आहे. सहा अंकी आकडा आणि दहा सिरीज म्हणजे जवळपास एक कोटी तिकिटे, हा हिशेब पैसे काढण्याआधी करावा. ओटीपी कोणाला देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. आणि पैसे गेलेच असतील तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम खात्यातून काढून घेतली जाण्याआधी तक्रार पोचली तरच बँकेला ती गोठवता येते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा खाते क्रमांक आणि सगळे संदेश जपून ठेवावेत. ‘चॅट डिलीट करा, मग पैसे देतो’ अशी अट आली तरी एकही संदेश पुसू नये.