गुडघ्याचे लिगामेंट : स्क्रू की बटण?



वस्तीतल्या आरोग्य शिबिरात हल्ली कबड्डी खेळणारी मुलं-मुली गुडघ्याचा एमआरआय घेऊन येतात. पाय वळला, आतून ‘कट्’ आवाज आला, गुडघा सुजला आणि नंतर जिना उतरताना सटकू लागला. पुढचे लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटलेले असते. डॉक्टर दुर्बिणीचे ऑपरेशन सांगतात. मग घरच्यांना विचारले जाते : साधा स्क्रू टाकायचा, विरघळणारा, की बटण?

तुटलेले एसीएल नुसते शिवून सहसा टिकत नाही. म्हणून बहुतेक वेळा रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूची शीर काढून, दुमडून नवी दोरी करतात. तिला ग्राफ्ट म्हणतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडून ती ओवतात. शीर हाडात रुजायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात. तोवर तिला घट्ट धरून ठेवणे, हेच स्क्रूचे किंवा बटणाचे मुख्य काम.

स्क्रू बोगद्यात ग्राफ्टशेजारी पाचरीसारखा बसतो. टायटॅनियमचा स्क्रू मजबूत असतो. पुढे एमआरआय काढता येतो, फक्त तेवढ्या जागेचे चित्र बिघडते. विरघळणारा स्क्रू सहसा महाग. तो दोन-चार महिन्यांत जात नाही, वर्षे लागतात. बसवताना मोडू शकतो, कधी गुडघ्यात पाणीही होते. 2016 मध्ये कॉक्रेन संस्थेने या दोन्हींची तुलना करणारे अभ्यास एकत्र तपासले. गुडघ्याच्या कामात फरक दिसला नाही. उलट मोडण्यासारख्या तक्रारी विरघळणाऱ्यातच जास्त निघाल्या.

बटण म्हणजे शर्टाचे नव्हे! धाग्याचा फास असलेली धातूची इवलीशी पट्टी. ती मांडीच्या हाडाबाहेर आडवी अडकते आणि ग्राफ्ट फासाला लटकतो. पकड चांगली, पण दोरी बोगद्यात किंचित हलते, बोगदा रुंदावू शकतो. पुष्कळ सर्जन वर बटण आणि खाली स्क्रू वापरतात. बिलात दोन्ही दिसले म्हणून फसवले असे समजू नये.

आमचे मत स्पष्ट आहे. महागड्या स्क्रूसाठी व्याजाने पैसे काढू नका. ते पैसे फिजिओथेरपीला लागतात. व्यायाम सुटला की मांडी वाळते, गुडघा आखडतो, मग आत काहीही बसवलेले असो. डॉक्टरांना विचारा : हेच का? स्वस्तातले का चालणार नाही? तपासल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनीच सांगितले आहे; दवाखान्यात गप्प का बसायचे? 2017 मध्ये सरकारने किमतीवर मर्यादा घातली ती सांधा बदलण्याच्या सामानावर, लिगामेंटच्या स्क्रू-बटणांवर नव्हे. म्हणून दर आधी लेखी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, तेही आरोग्यमित्राला विचारा.

ऑपरेशननंतर सामानाच्या पाकिटावरचे स्टिकर केसपेपरला लावून घ्या, त्याची झेरॉक्स घरी ठेवा. ताप आला, जखमेतून पू आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि 9 महिन्यांच्या आत, डॉक्टरांनी ताकद तपासल्याशिवाय, पोराला कबड्डीच्या मैदानावर सोडू नका. तो कितीही रुसला तरी.