मूतखड्याच्या दुर्बीण शस्त्रक्रियेनंतर उशिरा होणारा रक्तस्राव

पुण्यात मूतखडा काढून घेतलेला रुग्ण काही दिवसांत मुळशीतील आपल्या गावी परततो आणि पुढील तक्रार घेऊन प्रथम आपल्याकडे किंवा औषधी दुकानातच येतो. त्या दृष्टीने हा विषय आपल्या नित्य व्यवहारातला आहे.

पाठीतून छिद्र पाडून वृक्कातील खडा काढण्याची पद्धत, म्हणजेच पीसीएनएल, १९७६ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाली. तीनंतर आरंभीचे काही दिवस मूत्र गुलाबी असणे अपेक्षितच असते. आत स्टेंट असल्यास श्रमाने, प्रवासाने लाली वाढते व विश्रांतीने उतरते. शंका घ्यावी ती मूत्र स्वच्छ झाल्यानंतर, बहुधा पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात, एकाएकी लालभडक रक्त वा गुठळ्या पडू लागल्यास. छिद्राच्या मार्गात दुखावलेल्या धमनीलगत रक्ताची स्पंदन पावणारी पिशवी तयार होते व ती मूत्रमार्गात फुटते. यास स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात.

हा स्राव थांबून थांबून होतो, आणि वैद्याची फसगत होते ती येथेच. अधोग रक्तपित्त समजून वासा, दूर्वास्वरस, उशीरासव दिले, दुसऱ्या दिवशी मूत्र निवळले, यश औषधाच्या पदरात पडले. चार दिवसांनी तोच रुग्ण पांढराफटक होऊन येतो! वस्तुतः हा दोषज नव्हे, आघातज स्राव आहे. रक्तस्राव थांबविण्याचे सन्धान, स्कन्दन, पाचन व दहन हे चार उपाय सांगताना सुश्रुताचार्यांनी इतर उपाय निष्फळ ठरल्यावर दहन सांगितले. धमनीतून बारीक नळी नेऊन फुटलेली शाखा आतून बुजविणारे आजचे एम्बोलायझेशन, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्याच जागी ठेवावे. त्याने बहुतेक वेळा वृक्कही वाचते.

अशा रुग्णाची नाडी व रक्तदाब पाहावा. नाडी जलद, रक्तदाब उतरलेला, घाम, भोवळ किंवा गुठळ्यांनी मूत्र अडलेले असल्यास आडवे निजवून शिरेतून सलाईन सुरू करावे आणि १०८ ला कळवावे. ताम्हिणीकडील गावांत रात्री वाहन येण्यास लागणारा वेळ ध्यानी घेता ‘सकाळपर्यंत पाहू’ हे धोरण घातक होय. लक्षणे सौम्य असली तरी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी त्याच दिवशी बोलावे. तीव्र स्तंभन टाळावे. गुठळी घट्ट होऊन मूत्रमार्ग अडू शकतो. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडही सर्जनच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

औषधी दुकानदारांनी ‘लघवी लाल होते’ एवढ्यावर पाषाणभेदाच्या गोळ्या, क्षारकल्प वा वेदनेसाठी डायक्लोफेनॅक देऊ नये. आधी डिस्चार्ज कार्ड मागावे. रुग्ण हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेत असल्यास ते परस्पर बंद करण्यास न सांगता त्याची नोंद चिठ्ठीवर ठळक लिहून रुग्णासोबत पाठवावी.