सुई आणि वही : घरच्या शिवणाचा व मणीकामाचा एक पाठ



बहुतेक घरांत एखादी पत्र्याची ट्रंक किंवा जुनी पिशवी अशी असते की, जिच्यात अर्धवट राहिलेली कामे विसावा घेत पडलेली असतात. गळा न झालेले पोलके, एकच बाही लावलेले झबले, निम्मी ओवलेली पोत, चार ओळी घालून थांबलेली गोधडी. प्रस्तुत पाठाचा विषय ही ट्रंकच आहे. घरच्या घरी शिवणाऱ्या व मण्यांचे दागिने करणाऱ्या भगिनी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत, परंतु "बाई, काम कुठवर आले?" असे विचारले असता "चालले आहे" एवढेच उत्तर बहुधा मिळते. किती चालले, कोठे अडले, व का अडले, हे जाणण्याची एक सोपी रीत आहे. तिला सुईच्या जोडीस एक वही लागते. अधिक काही लागत नाही.

पुरुष वाचकांनी हे पान उलटू नये. शिवण व दागिने ही बायकांचीच कामे असे ज्यांस वाटते त्यांनी पंढरीच्या संतमेळ्याकडे पाहावे. तेथे नामदेव शिंपी आहेत, आणि नरहरी सोनारही आहेत. पौल प्रेषित तर तंबू करण्याच्या धंद्यावर आपला चरितार्थ चालवीत असे. शिवाय ज्या घरात पत्नी रात्री मणी ओविते, त्या घरातील दिवा पुरेसा आहे काय, व तिला चष्म्याची गरज लागली आहे काय, हे पाहणे नवऱ्याचेच कर्तव्य आहे.

आपले भिंगार गाव नगर शहराहून जुने. १४९० साली मलिक अहमद याने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला, आणि त्याच परिसरात पुढे नगर वसविले. नगर-भिंगारकडे हातमागावर लुगडी विणणाऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या होती, व शेजारी लष्करी छावणी आल्यावर शिंप्यांसही काम मिळाले. तेव्हा धागा या गावास नवा नाही. परंतु या पाठास विशेष उपयोगी अशी गोष्ट नगरच्या मुलींच्या शाळांची आहे. अमेरिकन मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरारबाई १८२७ मध्ये मुंबईस आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या, आणि १८६२ मध्ये त्यांचा अंत झाला तोवर येथेच शिकवीत राहिल्या. जोतीराव फुले यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या, व १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही नगरला फॅरारबाईंच्या हाताखाली अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मिशनच्या त्या काळच्या मुलींच्या शाळांत वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर शिवणही शिकवीत असत. एकाच मुलीच्या एका हातात वही व दुसऱ्या हातात सुई असे.

पुढे या दोहोंची फारकत झाली. ज्या मुली अधिक शिकल्या त्या वही घेऊन शाळेत, दवाखान्यात व कचेरीत गेल्या. सुई घरी राहिलेल्या बायकांच्या हाती उरली, आणि तिच्याबरोबर वही राहिली नाही. त्यामुळे घरच्या हातकामाची नोंद कोणी ठेवीनासे झाले, व ज्याची नोंद नाही त्यास मोलही नाही, अशी समजूत पडली. याच नगरात विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल या मिशनरी इंजिनिअरांनी हातमाग सुधारून तो अधिक वेगवान केला. एका दिवसात किती वार कापड निघते हे मोजल्यावाचून माग सुधारला की बिघडला, हे कोणास कळणार? जो नियम मागास, तोच ट्रंकेतल्या पोलक्यास.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एखाद्या दुपारी ट्रंक रिकामी करावी, व प्रत्येक अर्धवट वस्तूपुढे वहीत तीन गोष्टी लिहाव्या : कधी आरंभिली, कोणासाठी आरंभिली, आणि नेमकी कोणत्या पायरीवर थांबली. पहिल्या दोहोंची उत्तरे वाचताना पुष्कळदा हसू येईल. ज्या बाळासाठी झबले बेतले ते बाळ आता शाळेत जात असेल! अशा वस्तूची खंत करीत बसू नये. तिचे कापड सुट्या तुकड्यांत टाकावे, ते गोधडीस लागेल. मात्र तिसरे उत्तर नीट वाचावे. तीन पोलकी गळ्यापाशीच थांबली असतील, तर त्या बाईस वेळ नव्हता असे नव्हे, तिला गळा येत नाही. वेळ नव्हता असे म्हणणे सोपे असते, कारण ते बहुधा खरेही असते. परंतु वेळ नसलेली बाई कधी बाहीपाशी थांबेल, कधी काजापाशी. जी नेहमी एकाच ठिकाणी थांबते तिला तेवढी एकच पायरी शिकावयाची आहे. हे समजले की डोक्यावरचे अर्धे ओझे उतरते. यापोची दुर्कस वारली तेव्हा विधवांनी तिने केलेली वस्त्रे पेत्रास दाखविली, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. अर्धवट बेतलेली वस्त्रे दाखविल्याचा उल्लेख मात्र तेथे नाही.

गळ्याचेच उदाहरण घेऊ, कारण तेथे अडणाऱ्या पुष्कळ आहेत. गळ्याच्या वळणावर सरळ धाग्यात कापलेली पट्टी लावली तर ती ताठ राहते व कापडास सुरकुत्या पडतात. पट्टी उरेब कापावी, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांस तिरपी. तिरप्या दिशेने कापड ताणले जाते, म्हणून अशी पट्टी वळणावर आपोआप बसते. शिवल्यावर वळणाच्या आतल्या कडेस कात्रीने बारीक काप द्यावे, टिपेस धक्का लागू न देता, व मग पट्टी उलटावी. हे एकदम नव्या खणावर करू नये. जुन्या पातळाच्या तुकड्यावर चार गळे करून पाहावे. मशीनविषयी एवढेच सांगतो की, खालच्या बाजूस दोऱ्याचे वेढे पडू लागले की पुष्कळ जणी बॉबिनला दोष देतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो : तो नीट ओवलेला नसतो, किंवा त्याचा ताण सैल असतो.

गोधडीची गोष्ट निराळी. ती न आल्यामुळे अडत नाही. ती मोठी आहे म्हणून अडते. आपल्याकडील बायका चैत्र-वैशाखात, शेतीची कामे थंडावली म्हणजे, गोधडी घालावयास घेतात, आणि मृगाचा पाऊस पडला की ती गुंडाळून ठेवतात. नऊवारी लुगडे धुऊन धुऊन मऊ झालेले असते. त्याचे थर जमिनीवर सपाट अंथरावे, कोपऱ्यांवर वजन ठेवावे, आणि प्रथम मोठ्या कच्च्या टाक्यांनी सर्व थर एकत्र बांधून घ्यावे. ही कच्ची शिवण टाळणारीची गोधडी निम्म्यावर आली की मध्ये फुगते, व ती फुगी पाहूनच पुढे हात चालत नाही. मग कडेपासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन असे मध्याकडे यावे. थर जाड असल्यामुळे घाई केली तर खालच्या थरात टाका उतरतच नाही. म्हणून मधून मधून गोधडी उलटून पाहावी. ज्या मुलीला शिवण शिकवावयाची तिला पहिल्या दिवशी गोधडीवरच बसवावे, असे आमचे मत आहे. येथे टाका वाकडा गेला तरी वस्तू वाया जात नाही, आणि शेजारी आजीचा टाका असतो, त्याच्याशी आपला ताडून पाहता येतो. गोधडीची प्रगती वहीत "अर्धी झाली" अशी लिहू नये. आज किती फेरे झाले ते लिहावे. रोज एक फेरा घालणारी बाई पावसाच्या आधी मध्यापर्यंत येते की नाही, हे मग पहिल्याच आठवड्यात कळते.

मणीकामात अडण्याची कारणे आणखी वेगळी. काळ्या मण्यांची पोत आपल्या कित्येक ख्रिस्ती घरांतही विवाहित स्त्रिया घालतात, आणि पूर्वी ती गाठवून घेण्यास पटवेकऱ्याकडे जावे लागे. पटवेकरी रेशमी दोऱ्यात मणी व वाट्या अशा बसवितो की गाठ दिसू नये. आता नायलॉनचा दोरा, तार, आकड्या व तयार मणी दुकानात मिळतात, म्हणून भगिनी घरीच ओवू लागल्या आहेत, व हे चांगले झाले. परंतु मोत्यांच्या माळेत प्रत्येक मोत्यानंतर गाठ का मारतात, हे ठाऊक असावे. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर सर्व मोती न सांडता फार तर एखादा पडतो. या गाठींत दोरा बराच खर्च होतो. म्हणून जी केवळ माळेच्या लांबीवरून दोरा कापते ती निम्म्यात अडकते. एक बोटभर लांबीची गाठींची माळ करून तिला किती दोरा लागला ते आधी मोजावे, व वहीत लिहून ठेवावे. पुन्हा तो प्रश्न पडणार नाही. रेशमी व सुती दोरा घामाने व पाण्याने कुजतो, हे गिऱ्हाइकास सांगून ठेवावे. माळ वेळोवेळी पुन्हा ओवून देणे हेही एक काम आहे, व त्याचे पैसे घेण्यास संकोच नसावा.

येथे सचोटीचा एक मुद्दा येतो. पिवळ्या मुलाम्याच्या मण्यास सोन्याचा मणी म्हणून विकू नये. "मुलामा आहे" असे आपण होऊन सांगावे. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क असण्याची सक्ती १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यामुळे गिऱ्हाईकही आता विचारू लागले आहे. दुसरे असे की, स्वस्त धातूत निकेल असते, व कित्येकांच्या कानास व गळ्यास त्याने खाज व पुरळ येते. एखादीने तशी तक्रार आणली तर तिच्याशी वाद न घालता आकडी बदलून द्यावी, आणि तो माल कोणत्या दुकानातून आणला होता ते वहीत पाहावे.

आता हिशेब. समजा, एका माळेस ९० रुपयांचे मणी, २० रुपयांचा दोरा व आकडी, आणि नगरच्या बाजारात जाण्या-येण्याच्या भाड्यातील तिच्या वाट्याचे १० रुपये लागले. एकूण १२० झाले. माळ १५० रुपयांस विकली, आणि भगिनी आनंदाने म्हणाली, "तीस रुपये सुटले!" परंतु ती माळ करण्यास साडेतीन तास लागले, हे तिने कोठे लिहिले नाही. तीस रुपयांस साडेतीन तास म्हणजे तासास साडेआठ रुपये. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची रोजी ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासास ३९ पडतात. खडी वाहणाऱ्या हातास ३९ आणि बारीक गाठ मारणाऱ्या हातास साडेआठ, हा न्याय कोणी बाहेरच्याने केलेला नाही. तो आपणच आपल्या घरी करीत आहो.

कोणी म्हणेल, "३९ च्या दराने किंमत २५६ रुपये होते, इतके कोण देईल?" प्रश्न बरोबर आहे, व वहीचा खरा उपयोग येथेच आहे. पहिल्या माळेस साडेतीन तास लागले. सात-आठ माळांनंतर तीच माळ दोन तासांत होऊ लागली, तर मजुरीचे ७८ रुपये धरून किंमत १९८ वर येते. ही किंमत मागता येईल. प्रगती म्हणतात ती ही : दोरा त्याच बाईचा, मणी तेच, पण तास कमी आणि गाठ अधिक सुबक. तास लिहिलेले नसतील तर ही प्रगती झाली तरी तिला स्वतःला कळणार नाही, आणि ती कायम दीडशेलाच विकीत राहील. आणि दोन तासांवर येऊनही तो भाव मिळत नसेल, तर त्या नमुन्याची माळ करणे सोडून फॉल-पिकोचे काम घ्यावे. त्यात लाज कसली? नातलगांस फुकट करून दिलेले कामही वहीत लिहावे. द्यावे जरूर, पण किती दिले ते आपणांस ठाऊक असावे, आणि घरच्यांसही.

सरकारी साहाय्याविषयी पुष्कळ जण विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील १८ व्यवसायांत शिंपीकाम व सोनारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप आहे. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीस लाभ मिळतो. कर्ज काढण्यापूर्वी सहा महिन्यांची वही समोर ठेवावी. महिन्याला किती वस्तू पुऱ्या झाल्या व किती विकल्या गेल्या, हे जिला सांगता येते तिला हप्ता झेपेल की नाही हेही सांगता येते. जिची ट्रंक भरलेली व वही कोरी, तिने नवी मशीन तूर्त घेऊ नये.

पुढील बैठकीस प्रत्येकीने आपल्या ट्रंकेतील एक अर्धवट वस्तू आणावी, आणि ती जेथे थांबली त्या पायरीचे नाव एका चिठ्ठीवर लिहून सोबत आणावे. चिठ्ठ्या एकत्र वाचून ज्या पायरीच्या चिठ्ठ्या अधिक असतील ती पायरी, जिला ती उत्तम येते त्या बहिणीने, सर्वांस करून दाखवावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्या घरातील मुलांनी लिहून द्याव्या. येताना कात्री, सुई व जुन्या कापडाचा वीतभर तुकडा आणण्यास विसरू नये.